घरच्या देखभालीचा पैसा कुठे अडतो: अमेरिकी मेडिकेडच्या अंदाजपत्रकाची उकल

वय झाल्यामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना अंघोळ, कपडे, जेवण, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे अशा रोजच्या कामांत दुसऱ्याचा आधार लागतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्याच घरी राहायचे असते. अमेरिकेत ही इच्छा पुरी होईल की नाही, हे डॉक्टरांच्या मतावर आणि कुटुंबाच्या तयारीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच राज्याच्या अंदाजपत्रकावरही असते. त्या अंदाजपत्रकात नर्सिंग होममधली खाट ही कायद्याने मिळणारी हक्काची गोष्ट आहे, तर घरी येणारी मदत ही तरतूद उरेल त्या प्रमाणात मिळणारी गोष्ट आहे. दीर्घकालीन देखभालीच्या अमेरिकी धोरणातल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून पुढचे सारे विवेचन या फरकाभोवतीच आहे.

पैसे देते कोण

अनेक कुटुंबांचा पहिला गैरसमज येथेच होतो. ६५ वर्षांवरील जवळजवळ सर्वांना लागू असलेली मेडिकेअर ही योजना हॉस्पिटल, डॉक्टर आणि औषधे यांचा खर्च उचलते. मात्र वर्षानुवर्षे लागणाऱ्या दैनंदिन देखभालीचा खर्च ती उचलत नाही. हॉस्पिटलमध्ये राहून आल्यानंतर कुशल शुश्रूषेसाठी नर्सिंग होममधील वास्तव्याला ती जास्तीत जास्त १०० दिवस साहाय्य करते, तेही काही अटींवर, आणि तिथे तिची जबाबदारी संपते. पुढचा भार आधी कुटुंबाच्या बचतीवर पडतो आणि बचत संपली की मेडिकेडवर येतो. मेडिकेड ही कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची योजना असून तिचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य सरकारे मिळून करतात. एकट्या व्यक्तीकडे राहते घर वगैरे वगळून साधारण २,००० डॉलरपेक्षा अधिक मालमत्ता नसावी, अशी अट अजूनही अनेक राज्यांत आहे. त्यामुळे आयुष्यभर नोकरी केलेली, कधीही सरकारी मदत न घेतलेली माणसेही म्हातारपणी या योजनेच्या दाराशी येतात. दीर्घकालीन देखभालीवर देशात सर्वाधिक पैसा खर्च करणारी योजना मेडिकेडच आहे.

१९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजनांचा कायदा झाला, तेव्हा दीर्घकालीन देखभाल म्हणजे संस्थेत ठेवणे, हेच गृहीत होते. राज्याने मेडिकेड स्वीकारले की पात्र प्रौढ व्यक्तीला नर्सिंग होमची सेवा देणे त्याला बंधनकारक झाले. घरी परिचारिकेच्या भेटीसारखी मर्यादित सेवा पुढे बंधनकारक यादीत आली खरी, पण अंघोळ घालणारी, स्वयंपाक करून देणारी, बाहेर घेऊन जाणारी, दिवसभर सोबत करणारी मदत ऐच्छिक राहिली. राज्याला वाटले तर त्याने ती द्यावी, नाही वाटले तर देऊ नये. कायद्याची ही मांडणी मुळातून आजही तशीच आहे.

एका लहान मुलीमुळे उघडलेली वाट

आयोवा राज्यातील केटी बेकेट ही मुलगी काही महिन्यांची असताना तिला मेंदूचा संसर्ग झाला आणि श्वासासाठी यंत्राचा आधार लागू लागला. ती तीन वर्षांची झाली तोपर्यंत तिची प्रकृती घरी नेण्याजोगी झाली होती, आई-वडील तयार होते आणि घरचा खर्च हॉस्पिटलच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी येणार होता. तरीही तिला घरी नेता येत नव्हते. ती संस्थेत असेपर्यंत पात्रतेसाठी आई-वडिलांचे उत्पन्न धरले जात नव्हते; घरी गेली की ते धरले जाणार होते आणि तिचे मेडिकेड बंद होणार होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकरणाचा उल्लेख करून असल्या नियमाबद्दल नाराजी व्यक्त केली, नियमाला अपवाद करण्यात आला आणि केटी घरी गेली. पुढे अपंगांच्या हक्कांसाठी बोलणारी कार्यकर्ती म्हणून ती ओळखली गेली आणि ३४ वर्षे जगली.

त्याच वर्षी, १९८१ च्या अर्थविषयक कायद्याने सामाजिक सुरक्षा कायद्यात १९१५ (सी) हे कलम घातले. या कलमाखाली राज्य केंद्राकडे अर्ज करून मेडिकेडच्या काही नियमांतून सूट मागू शकते, आणि ज्यांना एरवी संस्थेत ठेवावे लागले असते त्यांना घरी किंवा वस्तीत, म्हणजे संस्थेबाहेर इतर लोकांमध्ये, सेवा देऊ शकते. या परवानगीला वेव्हर म्हणतात. पहिला वेव्हर ओरेगन राज्याला मिळाला. परवानगी प्रथम तीन वर्षांसाठी आणि नंतर पाच-पाच वर्षांसाठी मिळते. घरगुती सेवांसाठी इतरही कायदेशीर मार्ग पुढे तयार झाले, पण आजही या सेवांचा मुख्य आधार हेच कलम आहे.

वेव्हरने वाट उघडली, पण तिला दोन कुंपणेही घातली. पहिले कुंपण संख्येचे. सर्वसाधारण मेडिकेडमध्ये जो पात्र ठरेल त्याला सेवा द्यावीच लागते, मग अर्जदार अंदाजापेक्षा जास्त निघाले तरी राज्याला पैसे उभे करावे लागतात. वेव्हरमध्ये मात्र राज्य आधीच ठरवून टाकते की यंदा इतक्याच व्यक्ती घेणार. त्या जागा भरल्या की पुढच्या पात्र माणसालाही यादीत थांबावे लागते. राज्यांच्या अर्थखात्यांना वेव्हर आवडतो तो याच कारणासाठी, कारण खर्चाची वरची मर्यादा त्यांना आधीच माहीत असते.

दुसरे कुंपण खर्चाच्या तुलनेचे. वेव्हरमधील लोकांवर दरडोई होणारा मेडिकेडचा सरासरी खर्च हा तेवढ्याच गरजेच्या लोकांवर संस्थेत होणाऱ्या सरासरी खर्चापेक्षा जास्त नसावा, हे राज्याला दाखवून द्यावे लागते. यासाठी अर्जात चार आकडे मांडावे लागतात: वेव्हर सेवांचा दरडोई खर्च, त्याच लोकांच्या इतर वैद्यकीय सेवांचा खर्च, संस्थेतील वास्तव्याचा दरडोई खर्च आणि संस्थेतील लोकांच्या इतर वैद्यकीय सेवांचा खर्च. पहिल्या दोघांची बेरीज शेवटच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त भरता कामा नये. ही तुलना सरासरीची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखाद्या व्यक्तीला चोवीस तास मदत लागत असेल आणि तिचा खर्च संस्थेपेक्षा जास्त होत असेल, तरी इतरांच्या कमी खर्चामुळे एकूण सरासरी राखता येते. पण राज्याला हवे असेल तर ते प्रत्येक व्यक्तीच्या खर्चावरही मर्यादा घालू शकते, आणि तशी मर्यादा घातली की सर्वाधिक गरज असलेली माणसे सर्वांत आधी बाहेर पडतात.

दोन तासांचा हिशेब

अंदाजपत्रकातला घरगुती सेवेचा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून तयार होतो: किती माणसे, प्रत्येकाला किती तास आणि तासाला किती दर. सेवेचे बिल बहुधा पंधरा मिनिटांच्या एककात होते, म्हणजे एका तासाची मदत हिशेबात चार एकके म्हणून येते.

समजा, एका राज्याच्या वेव्हरमध्ये १,००० लोक आहेत, प्रत्येकाला आठवड्याला २५ तास मदत मंजूर आहे आणि सेवा देणाऱ्या एजन्सीला तासाला २४ डॉलर मिळतात. वर्षाचे १३ लाख तास झाले आणि खर्च ३ कोटी १२ लाख डॉलर झाला. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण त्यांच्यामागची यंत्रणा खरी आहे. यातला केंद्राचा वाटा एका सूत्राने ठरतो. राज्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीइतके असेल तर केंद्र ५५ टक्के देते. राज्य गरीब असेल तर जास्त, श्रीमंत असेल तर कमी, पण ५० टक्क्यांच्या खाली नाही आणि ८३ टक्क्यांच्या वर नाही. मिसिसिपीसारख्या राज्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च केंद्र उचलते. आपल्या उदाहरणात केंद्राचा वाटा ६० टक्के धरला, तर राज्याच्या तिजोरीतून १ कोटी २४ लाख ८० हजार डॉलर जातात.

आता मंदी आली. राज्याचे कर कमी जमा झाले. जवळजवळ सर्व राज्यांना आपले अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे. केंद्रासारखे कर्ज काढून चालू खर्च भागवण्याची सोय त्यांना नाही. अर्थखात्याने या कार्यक्रमातून राज्याचे १० लाख डॉलर वाचवायला सांगितले. पण राज्याचा वाटा ४० टक्केच असल्यामुळे १० लाख वाचवायचे तर २५ लाख डॉलरची सेवा कापावी लागते. उरलेले १५ लाख केंद्राचे असतात आणि तेही राज्यात येत नाहीत. २५ लाख डॉलर म्हणजे तासाला २४ डॉलरने सुमारे १ लाख ४ हजार तास. ते १,००० लोकांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला दोन तासांची कपात येते.

कागदावर दोन तास फार वाटत नाहीत. पण ज्या बाईला पाठीला उशी लावून बसवावे लागते, जिला खुर्चीवरून न्हाणीघरात नेणे, अंघोळ घालणे, अंग पुसणे, मलम लावणे आणि परत बसवणे या सगळ्याला तासभर लागतो, तिच्यासाठी आठवड्याचे दोन तास म्हणजे दोन अंघोळी. त्या गेल्या की कातडी खराब होते, जखमा होतात, आणि त्या जखमांचा खर्च हॉस्पिटलच्या खात्यात निघतो, ज्याचा या कपातीच्या हिशेबाशी कोणी संबंध लावत नाही. वृद्ध व्यक्तीकडे मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असतील, तर हॉस्पिटलचे बिल मुख्यतः मेडिकेअर, म्हणजे पूर्णपणे केंद्र, भरते. मग घरच्या मदतीत वाढ करून हॉस्पिटलची वारी टळली, तरी ती बचत राज्याला दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच्या तिजोरीत झालेली असते. राज्याने खर्च करायचा आणि लाभ केंद्राने घ्यायचा, अशी ही रचना असल्यामुळे प्रतिबंधासाठी पैसा घालण्याची राज्याची उमेद मुळातच कमी पडते.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. तासाला एजन्सीला मिळणाऱ्या २४ डॉलरमधून कार्यालय, विमा, प्रशिक्षण, देखरेख आणि कर वजा जाऊन कर्मचाऱ्याच्या हाती बरीच कमी रक्कम पडते. एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात गेलेल्या वेळेचे वेगळे एकक नसते. त्यामुळे माणसे टिकत नाहीत आणि मंजूर झालेले सगळे तास प्रत्यक्षात मिळत नाहीत. १५ टक्के तास कर्मचारी न मिळाल्यामुळे रिकामे गेले, तर आपल्या राज्याच्या वहीत ४६ लाख ८० हजार डॉलर शिल्लक दिसतील. पुढच्या वर्षीचा अंदाज मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चावरून बांधला, तर ही शिल्लक गरज कमी झाल्याचा पुरावा ठरते आणि तरतूद आणखी घटते. न मिळालेली सेवा अशा रीतीने बचत म्हणून नोंदली जाते. मंजूर तास आणि दिलेले तास यांची तुलना प्रत्येक राज्याने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते; त्याशिवाय या खात्यातला कोणताही आकडा खरा बोलत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या नियमात या प्रश्नाला हात घातला होता. घरकाम-मदत, आरोग्य-मदतनीस आणि वैयक्तिक देखभाल या सेवांसाठी मेडिकेड जे पैसे देते, त्यातील किमान ८० टक्के थेट सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मोबदल्यावर खर्च व्हावेत, अशी तरतूद त्यात होती आणि तिच्यासाठी राज्यांना सहा वर्षांची मुदत होती. हेतू योग्य आहे, यात शंका नाही. पण एकूण दर तोच ठेवून केवळ वाटणी बदलली, तर लहान एजन्सी आणि विरळ वस्तीच्या भागात काम करणाऱ्या एजन्सी अडचणीत येतील, हा आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही. दर वाढवल्याशिवाय वाटणीचा नियम पुरेसा पडणार नाही, आणि दर ठरवणे राज्यांच्या हाती आहे.

स्वस्त की महाग

घरची सेवा संस्थेपेक्षा स्वस्त पडते, असे तिचे समर्थक अनेक वर्षे सांगत आले आहेत. दरडोई पाहिले तर बहुतेकांच्या बाबतीत ते खरे आहे. एक कारण असे की नर्सिंग होममध्ये मेडिकेड राहण्याचा आणि जेवणाचाही खर्च देते, तर घरी राहणाऱ्याचे भाडे आणि किराणा देण्यास मेडिकेडला मनाई आहे. म्हणजे स्वस्ताईचा काही भाग हा खर्च माणसावर ढकलल्यामुळे आलेला आहे, आणि दुसरा मोठा भाग मुली, सुना, पत्नी, पती यांनी बिनपगारी केलेल्या कामामुळे आलेला आहे.

पण अर्थखाते दरडोई खर्चाकडे नव्हे, एकूण खर्चाकडे पाहते, आणि तिथे त्याची भीती वेगळी असते. नर्सिंग होममध्ये जाण्यापेक्षा कसेबसे घरीच दिवस काढणारी असंख्य माणसे आहेत, ज्यांनी कधी अर्जच केलेला नाही. घरी सेवा मिळू लागली की ती पुढे येतील, आणि प्रत्येकी खर्च कमी असूनही बेरीज वाढेल, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. मागणी वाढते, हा अनुभव आहे, जरी ज्या राज्यांनी संस्थांतील खाटा खऱ्या अर्थाने कमी केल्या तिथे काही काळानंतर खर्चाची वाढ आटोक्यात राहिल्याचेही दिसले आहे. माझा आक्षेप या युक्तिवादाच्या निष्कर्षावर आहे. जी माणसे पुढे येतात ती नव्याने आजारी पडलेली नसतात. त्यांची गरज आधीपासून होती, ती कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी नोकरीचा किंवा प्रकृतीचा बळी घेऊन भागवली जात होती, आणि सरकारी वहीत तिची किंमत शून्य लिहिलेली होती. ती किंमत वहीत आली म्हणजे खर्च वाढला, असे म्हणता येईल. तो नव्याने निर्माण झाला, असे म्हणता येणार नाही. तेव्हा केवळ बचतीच्या आश्वासनावर घरगुती सेवांची बाजू मांडणे मला धोक्याचे वाटते, कारण बचत दिसली नाही की बाजूच कोसळते.

प्रतीक्षा यादीत किती जण आहेत, हे सांगताना जपून बोलावे लागते. अलीकडच्या वर्षांत देशभरातील याद्यांवर सुमारे ७ लाख नावे असल्याचे पाहण्यांत दिसते आणि त्यांत बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. काही राज्ये यादीत नाव घेण्यापूर्वी पात्रता तपासतात, काही तपासत नाहीत. काही राज्यांत यादीच नाही. त्यामुळे लांब यादी म्हणजे निष्काळजी राज्य, असा सरळ अर्थ काढता येत नाही. नर्सिंग होमसाठी मात्र अशी सरकारी यादी कुठेच नसते, कारण तिथे संख्या ठरवून थांबवण्याची मुभा कायदा देतच नाही.

न्यायालयाचे म्हणणे

१९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या आधारे जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वस्तीत राहू शकतात असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचे मत असूनही त्यांना राज्याच्या रुग्णालयातच ठेवले गेले होते. २२ जून १९९९ रोजी दिलेल्या ओल्मस्टेड निकालात न्यायालयाने सांगितले की विनाकारण संस्थेत अलग ठेवणे हा भेदभाव आहे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या या निकालाने राज्याच्या उपलब्ध साधनांचा विचार करण्याची मुभाही ठेवली. राज्याकडे परिणामकारक आराखडा असेल आणि त्याची यादी वाजवी वेगाने पुढे सरकत असेल, तर ते राज्य कायद्याला धरून आहे. मात्र संस्थांतील खाटा भरलेल्या राहाव्यात म्हणून यादी रेंगाळत ठेवलेली नसावी. अंदाजपत्रक पाहणाऱ्याला हा निकाल फार उपयोगी आहे, कारण यादी किती लांब आहे यापेक्षा ती सरकते किती, हा प्रश्न त्याने कायदेशीर केला.

तरतुदी बदलून काय साधले

२००५ च्या कायद्याने सुरू झालेल्या एका कार्यक्रमात, संस्थेतून घरी परतणाऱ्या व्यक्तीच्या सेवांसाठी पहिल्या वर्षभर केंद्र वाढीव वाटा देते. पैसा माणसाच्या मागे जावा, ही त्यामागची कल्पना. कोणी अनेक महिने नर्सिंग होममध्ये राहिले की भाड्याचे घर सुटलेले असते, भांडीकुंडी वाटून टाकलेली असतात. परतायचे तर अनामत रक्कम, वीजजोडणी आणि पलंगापासून सुरुवात करावी लागते, आणि अशा एकवेळच्या खर्चांना या कार्यक्रमात जागा आहे. एक लाखाहून अधिक लोक यातून बाहेर आले. तरीही हा कार्यक्रम कायमस्वरूपी नाही. संसदेने त्याला वेळोवेळी, कधीकधी काही महिन्यांपुरती, मुदतवाढ दिली आहे. सहा महिन्यांनी पैसे असतील की नाही हे माहीत नसताना माणसे नेमणे आणि घरमालकांशी बोलणी करणे किती कठीण असते, हे हे काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. नवरा-बायकोपैकी एकाला देखभाल लागली तर दुसऱ्याने कंगाल होऊ नये म्हणून असलेले संरक्षणही असेच आहे: नर्सिंग होमच्या बाबतीत ते कायम आहे, घरगुती सेवांच्या बाबतीत मुदतीचे.

व्हर्माँट राज्याने २००५ मध्ये मूळ विषमतेलाच हात घातला. केंद्राच्या विशेष परवानगीने तिथे सर्वाधिक गरज असलेल्या गटाला नर्सिंग होम आणि घरची सेवा या दोन्हींचा समान हक्क देण्यात आला. कुठे राहायचे हे माणसाने ठरवायचे. वॉशिंग्टन राज्यात दोन्ही सेवांचा पैसा एकाच प्रशासनाकडे असतो आणि पुढील काळात किती लोकांना सेवा लागेल याचा अंदाज स्वतंत्र परिषद बांधते, त्यामुळे खाटा कमी झाल्या की तो पैसा त्याच कामात वळवणे सोपे जाते. अंदाजपत्रकातली खर्चाची शीर्षे वेगळी असली की एका शीर्षातली शिल्लक दुसऱ्याला मिळत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे, पण देशातील अनेक राज्यांना ती दशकानुदशके जमलेली नाही. वॉशिंग्टनने याच्या जोडीला पगारातून ०.५८ टक्के कापून घेणारा सार्वजनिक विमाही जुलै २०२३ पासून सुरू केला. त्यातून जुलै २०२६ पासून प्रत्येक पात्र व्यक्तीला आयुष्यात एकूण ३६,५०० डॉलरपर्यंत लाभ देण्याचे ठरले. नर्सिंग होमच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे, पण घरी रॅम्प बांधण्यासाठी आणि काही महिन्यांची मदत घेण्यासाठी ती पुरते.

काही राज्ये आता खासगी आरोग्य योजनांना प्रत्येक सदस्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि संस्था व घर दोन्हींची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवतात. ॲरिझोनाने ही वाट फार आधी धरली. रक्कम एकच असल्यामुळे योजनेला माणूस घरी ठेवणे परवडते. घरी ठेवून तास कमी देणे तिला त्याहून परवडते, म्हणून राज्याची देखरेख कडक असावी लागते.

एकूण चित्र बदलले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मेडिकेडच्या दीर्घकालीन देखभालीच्या खर्चात घरगुती व वस्तीतील सेवांचा वाटा १९९५ मध्ये १८ टक्के होता. २०१३ मध्ये तो निम्म्याच्या पुढे गेला आणि आता ६० टक्क्यांहून अधिक आहे. हे सारे कायद्यातली मूळ विषमता न बदलता झाले आहे. आज अमेरिकी मेडिकेडच्या ऐच्छिक सेवांमध्ये घरगुती देखभाल हा मोठ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे, आणि म्हणूनच तंगीच्या काळात कात्री तिच्याकडे वळण्याचा धोकाही आता पूर्वीपेक्षा मोठा आहे.

एकदाचा पैसा आणि दरवर्षीचा खर्च

महासाथीच्या काळात, २०२१ च्या कायद्याने केंद्राने या सेवांसाठीचा आपला वाटा एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या एका वर्षापुरता १० टक्के बिंदूंनी वाढवला, आणि या पैशाने राज्यांनी आपला जुना खर्च न घटवता नवी भर घालावी, अशी अट ठेवली. राज्यांनी त्यातून दर वाढवले, कर्मचाऱ्यांना बोनस दिले, यादीतील काहींना सामावून घेतले. पैसा वापरायला पुढची काही वर्षे मिळाली आणि मग तो संपला. बोनस एकदा देऊन थांबता येते. वाढवलेला दर आणि सामावून घेतलेली माणसे यांचा खर्च दरवर्षी येत राहतो. तो आता राज्यांच्या स्वतःच्या करांतून भागवावा लागतो.

त्यातच ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडवरील केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरने कमी होईल, असा संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. घरगुती सेवा कमी करा, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट २०२८ पासून संस्थेइतकी गरज नसलेल्यांसाठीही वेव्हर घेण्याची मुभा त्याने राज्यांना दिली आहे. परिणाम आडवाटेने होतो. राज्ये आपला वाटा उभा करण्यासाठी हॉस्पिटले, नर्सिंग होम इत्यादींवर कर लावतात. या करांच्या मर्यादेत हा कायदा मेडिकेडचा विस्तार केलेल्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणखी प्रौढांना त्यात घेतलेल्या, राज्यांसाठी टप्प्याटप्प्याने घट करतो; त्या घटीतून नर्सिंग होमवरील कर मात्र वगळले आहेत. १९६५ पासून चालत आलेला कल येथेही दिसतो: संस्थेचा पैशाचा स्रोत शाबूत, आणि बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचे.

ज्यांना आपल्या राज्यात काय घडते आहे ते पाहायचे आहे, त्यांनी वेळापत्रक लक्षात ठेवावे. बहुतेक राज्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे राज्यपालांचा प्रस्ताव हिवाळ्यात येतो आणि विधिमंडळातील सुनावण्या वसंत ऋतूपर्यंत चालतात. प्रस्तावात वेव्हरच्या जागा किती, तासाचा दर किती, मागील वर्षी मंजूर तासांपैकी दिलेले किती, आणि वाढीव तरतूद कायमची की एका वर्षापुरती, हे चार आकडे मागावेत. वेव्हर बदलताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना केंद्राकडे अर्ज पाठवण्यापूर्वी राज्याला किमान ३० दिवस जनतेच्या सूचना घ्याव्या लागतात. मसुदा राज्याच्या मेडिकेड खात्याकडून प्रसिद्ध होतो आणि त्यात वर सांगितलेले खर्चाचे चारही आकडे वर्षनिहाय दिलेले असतात. लेखी हरकत कोणीही नोंदवू शकतो, आणि आलेल्या हरकतींचा सारांश व त्यांवर केलेली कार्यवाही राज्याला अर्जातच लिहून द्यावी लागते.